पहिला वाडगा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. उंच डोंगरावर दगडी भिंतींचं एक विश्रांतिघर आहे. दुपारचे चार वाजलेत. आत एक लांब बाक, मध्ये लोखंडी शेगडी आणि तिच्याभोवती वाळत घातलेले मोजे. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर एक जुना फोन टांगलाय. त्याची वायर इतकी आखूड की बोलणाऱ्याला भिंतीला नाक लावून उभं राहावं लागतं. आत्ता तिथे एक आजोबा उभे आहेत. एकतीस वर्षं ते एका शाळेत खेळाचे सर होते. नातीला, टिटवीला घेऊन, गाईडबरोबर, आज सकाळीच ते डोंगर चढायला निघाले. पाच दिवसांची वाट आहे आणि आजचा पहिला दिवस. पलीकडे घरी आजी आहे. तिचं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही, ते तुम्ही ओळखायचं. आजी काय म्हणत असेल हे ओळखणं तसं अवघड नसतं.

हॅलो?

हॅलो… कोण?… अगं, तू होय! मला वाटलं, चुकून कोणाचा… नाही, आचारी ओरडला, ‘सर, घरून फोन,’ म्हणून आलो. हो, मीच आहे. आवाजाला काय झालंय? काही नाही. फोन जुना आहे, त्यात सगळ्यांचाच आवाज असा येतो.

हो, हो, पोचलो. तीनला पोचलो. दोघंही… हो, धडधाकट.

कोण धापा टाकतंय? मी? अगं, वायर एवढीशी आहे, भिंतीला चिकटून बोलतोय. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो… अगं ऐक ना, दवाखाना सुटून सहा वर्षं झाली तुझी. फोनवरून नाडी बघायची सवय सोड आता, सिस्टरबाई.

टिटवी? आहे की. बाहेर बसलीय, दगडावर… थंडी आहे, पण टोपी घातलीय. हो, तू विणलेलीच. नाही, रुसलेली वगैरे नाही. बसलीय नुसती. डोंगर बघतेय.

तळं? परवा. म्हणजे तिसऱ्या दिवशी पोचायचं तळ्यावर, सगळं नीट झालं तर. अर्धं गोठलेलं, अर्धं निळं, अगदी तिच्या पलंगावर चिकटवलेल्या चित्रासारखं. गाईडबाई म्हणाल्या, यंदा बर्फ जास्त आहे, छान दिसेल… हो ना, वर्षभर जप चाललाय पोरीचा. माहीत आहे मला. मला नाही माहीत असणार तर कोणाला?

जेवण… सूप होतं. बटाट्याचं. पाव होता. चांगलं होतं.

मी घेतलं थोडं.

तिने? तिने… नंतर घेईल. म्हणाली, भूक नाही. अगं, इतकं चालून मुलांची भूक मरते.

काय? पुन्हा बोल, खरखरतंय.

कोणाला सांगितलंस?… अगं, कशाला!… तिसऱ्या मजल्यावर सांगितलंस. बरं. आणि?… बागेतल्या मंडळींना? सगळ्यांना?… फोन करून?

मग काय म्हणाले?

टाळ्या. हं.

ऐकतोय, ऐकतोय. ‘अडुसष्टाव्या वर्षी रांगेत पहिला.’ हो, मीच म्हणालो होतो तसं, दुपारी मोबाईलला रेंज आली तेव्हा. शब्दन्‌शब्द माझाच आहे.

फळ्यावर लिहिलंय म्हणजे? बागेतल्या फळ्यावर? खडूने?… अगं, पुसायला सांग. आत्ताच्या आत्ता… छे, विनय कसला! माझ्याकडे कधी होता तो? पुसायला सांग म्हटलं ना.

कारण… कारण आहे एक.

थांब. आचारी इथेच उभा आहे, बटाटे सोलतोय. त्याला जरा आत जाऊ दे.

…गेला.

सांगतो. पण हसायचं नाही. नाही, आधी कबूल कर… बरं.

सकाळी गाईडबाईंनी रांग लावली. आम्ही पाच जण. मी, टिटवी, ते बेकरीवाले आणि बँकेतल्या दोघी बहिणी. सगळ्यात मागे गाईडबाईंचा भाऊ. बाई म्हणाल्या, ‘पुढे मी, माझ्या पाठोपाठ सर, मग बाकीचे. कोणी कोणाला ओलांडायचं नाही.’ विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ मला दंडाला धरून नंबर एकला उभं केलं. मला वाटलं, बाईंची नजर पारखी. नुसती चाल बघून ओळखलं! मी शाळेत काय केलं जन्मभर? सगळ्यात तेज पोराला पुढे लावलं, की बाकीचे आपोआप ओढले जातात… हो, म्हणूनच तर मला तसं वाटलं!

नाही ना. इथे उलटं असतं.

उलटं म्हणजे उलटं. जो सगळ्यात हळू… हो. तो पुढे. गाईडच्या मागे तोच. त्याच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. म्हणजे तो मागे पडत नाही, एकटा राहत नाही आणि धावपळ करून छाती फोडून घेत नाही.

हसलीस. कबूल केलं होतंस.

हस, हस. पदर तोंडात घातलास तरी कळतं मला.

नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. काल संध्याकाळी खाली सूचना दिल्या ना, तेव्हा बाईंनी सांगितलं होतं. मी… मी तेव्हा त्या दोघी बहिणींना बुटाच्या लेसची दुहेरी गाठ शिकवत होतो… मागच्या बाकावर बसून… हो. तास चालू असताना. मी बोलत होतो. पुरे आता.

टिटवीला माहीत होतं. तिने सगळं वहीत लिहून घेतलं होतं. मी विचारलं तिला, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणते, ‘आजोबा, तुम्ही इतके खूश होतात!’

…हो ना. मलाही कसंसंच झालं.

कळलं कसं म्हणजे? ऐकायचंच आहे तुला?… इथली एक पद्धत आहे. चढून आलं की सुपाचा पहिला वाडगा रांगेतल्या पहिल्या माणसाला. शेगडीजवळची जागाही त्यालाच. आम्ही आत आलो. आचारी वाडगा घेऊन आला आणि विचारलं, ‘आज पुढे कोण होतं?’ मी हात वर केला. हो, शाळेत करतात तसा. वर म्हणालो काय, ते ऐक. म्हणालो, ‘पहिला नंबर सोडायची सवयच नाही आपल्याला.’

अगं, आचारी माझ्याकडे बघतोय, मी आचाऱ्याकडे. मग तो बिचारा अगदी मायेने म्हणाला, ‘लाजू नका सर, कोणीतरी सगळ्यात हळू असायचंच. गरम आहे तोवर घ्या.’

आणि मग त्या दोघींतली धाकटी फुटली. तिचा दोष नाही. तिने सकाळपासून दाबून धरलं होतं.

नाही गं, त्यात काय लाजायचं असं तुला वाटतं. तेवढंच असतं तर मीही हसलो असतो. पण ते बेकरीवाले… अगं, पोट आहे त्यांना जरा. भला माणूस. आणि मी पाच तास पुढून मागे वळून वळून ओरडतोय, ‘पाय उचला, पाय! पोट खालीच ठेवून यायचं होतं!’

हो. म्हणालो असं. दोनदा. तीनदा.

ते? एकदा फक्त म्हणाले, ‘असू द्या सर, माझ्याबरोबर चालायची सवय आहे त्याला.’ आणि अगं, तो माणूस भट्टीपाशी उभा राहून राहून असा तयार झालाय की दर रविवारी डोंगर चढतो! माझ्या चालीने चालायचं म्हणून पावलं आखडून घेत होता. मला वाटत होतं, दमलाय.

चिडवू नकोस. मीच चिडवतोय स्वतःला मघापासून.

आणखी? आणखी काही नाही.

…कोणी सांगितलं तुला शिट्टीचं? अगं, मी बोललोच नाही शिट्टीचं… आचाऱ्याने? फोन उचलल्यावर? त्याला काय गरज होती!… ‘शिट्टीवाल्या सरांना बोलावतो’ म्हणाला? वा. छान. नाव पडलं म्हणायचं माझं.

सांगतो ना. अकराच्या सुमारास रांग वेडीवाकडी झाली. एक बहीण फोटो काढतेय, टिटवी कुठे खडे वेचतेय. आता मला रांग वाकडी दिसली की हात आपोआप गळ्याकडे जातो. शिट्टी बरोबर होतीच. हो, तीच, पितळेची. वाजवली. चांगली दमदार, सहा वेळा, कवायतीला वाजवायचो तशी.

गाईडबाई अशा गर्रकन वळल्या म्हणून सांगू! इथे शिट्टी म्हणजे… माणूस पडला. सहा वेळा म्हणजे तर झालंच. आवाज दरीतून इथवर घुमला आणि वरून, या घरातून, हाच आचारी आणि दुसरा एकजण, दोघं स्ट्रेचर घेऊन धावत सुटले. धावत, अगं! त्या उतारावरून! आचाऱ्याचा गुडघा फुटलाय. मघाशी बटाटे सोलत होता ना, तो एक पाय लांब करूनच.

नाही, ओरडल्या नाहीत बाई. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात पुढे केला फक्त. मी शिट्टी काढून दिली. तेवढंच. मी एकतीस वर्षांत पोरांच्या काय काय वस्तू जप्त केल्या असतील, पण त्या देताना पोरांना कसं वाटतं ते आज कळलं.

माफी मागितली ना. आचाऱ्याची मागितली… बेकरीवाल्यांची नाही अजून. मागतो.

हो. हो. अगं ऐक ना, मागतो म्हटलं ना.

मग काय, झालं. हेच होतं. ठेवू का? मागे कोणाला फोन करायचा असेल… नाही, रांग नाहीये, पण असेल कोणाला.

आणखी काही नाही म्हटलं ना!

…ओरडलो का मी? बरं, ओरडलो. डोकं जरा… 

नाही. ‘डोकं जरा’ म्हणजे काही नाही. म्हणायची पद्धत आहे.

अगं…

थोडं. थोडंसं दुखतंय.

दुपारपासून. मागच्या बाजूने. पाऊल टाकलं की आत कोणी हातोडी मारल्यासारखं… नाही, चष्म्याचं नाही. नाही, उन्हाचंही नाही. हो, तेच असेल. उंचीचं. हो सिस्टर. मला कळतंय.

उलटी…

एकदा. घराच्या मागे, लाकडं रचलीत तिथे. सूप घेतल्यावर. अर्ध्या तासापूर्वी.

तू ओरडू नकोस, फोन फुटेल. ऐक. ऐक ना… मी काय म्हणतो…

नाही. नाही सांगितलं.

अगं, सगळं त्याच वाडग्यापासून सुरू झालं! सकाळी शिट्टी, दुपारी सूप… एका दिवसात माणसाने किती वेळा तोंडावर पडायचं? बाईंनी सगळ्यांना शेगडीभोवती बसवलं. रोज तिन्हीसांजेच्या आधी विचारतात प्रत्येकाला, एकेकाला, सगळ्यांसमोर. तीनच शब्द. ‘डोकं? पोट? पाय?’ आणि पाटीवर खुणा करतात. बेकरीवाले म्हणाले, ‘डोकं ठीक, पोट तुम्ही बघताच आहात, पाय ठीक.’ सगळे हसले. मग माझी पाळी. धाकटी बहीण माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, ‘उत्तम. उत्तम. उत्तम.’

हो. तसंच. छाती काढून.

कारण सांगितलं तर उतरवतात. नियमच आहे. नुसतं डोकं दुखलं तर एक दिवस इथे थांबायचं. डोकं आणि पोट दोन्ही बिघडलं तर खाली. त्याच दिवशी, उजेड असताना. आणि लहान मुलाला त्याच्या माणसाशिवाय पुढे नेत नाहीत. म्हणजे मी उतरलो की टिटवी उतरली. तळं गेलं. कळलं का आता? वर्षभर त्या चित्राकडे बघत झोपलीय ती. तिला काय सांगू मी?

…हो, तिच्यासाठीच.

तिच्यासाठीच म्हणतोय ना!

…

अगं, तू अशी गप्प बसलीस की…

बरं. नाही. तिच्यासाठी नाही. ते मी आत्ता, तुला सांगताना शोधून काढलं. तेव्हा तिचं तळंबिळं काही डोक्यात नव्हतं. त्या धाकट्या बहिणीने पुन्हा हसू नये, एवढंच होतं.

खरं सांगतोय. आता खोटं बोलायला तेवढी ताकदही नाही.

आणि तेवढंच नाहीये. पुढचं ऐक. सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा जीभ अडेल. लाकडांमागे मी होतो ना… टिटवीने बघितलं. पाणी घेऊन आली होती माझ्यासाठी. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘आजोबा, बाईंना बोलावते.’ मी तिचा हात धरला. म्हणालो, ‘बोलायचं नाही हं कोणाला. हे आपलं गुपित.’

हो. अकरा वर्षांच्या पोरीला.

आणि मग शेगडीपाशी बाईंनी माझ्यावर खूण केली आणि खडू तसाच धरून तिला विचारलं, ‘टिटवी, आजोबा खरंच बरे आहेत ना?’ बाईंना संशय आला असणार. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी… तू ओळखतेस माझे डोळे. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाची पोरं गप्प व्हायची. तसं बघितलं मी तिच्याकडे. माझ्या टिटवीकडे.

‘हो’ म्हणाली.

जी पोरगी सापशिडीत एक घर जास्त गेली तरी मागे येते, ती. माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी काय केलं, माहीत आहे? मान डोलावली. शाबास म्हटल्यासारखी.

…आहे. आहे इथेच. नाक पुसतोय. थंडीने गळतंय.

मग उठून बाहेर गेली. तेव्हापासून त्या दगडावर बसलीय.

तिला? हो, तिलाही विचारलं ना, ‘डोकं, पोट, पाय?’ … ती म्हणाली, ‘उत्तम, उत्तम, उत्तम.’ अगदी माझ्याच चालीत. सगळ्यांना मजा वाटली.

का? का विचारतेस?

सूप नाही घेतलं म्हटलं ना मघाशी… पाव? नाही. चहासुद्धा नाही. रागावलीय ती माझ्यावर, म्हणून… पाणी? बघितलं नाही मी.

खिडकीतून दिसते का? थांब. वायर पुरत नाही… हं. दिसतेय. बसलीय. हात… डोकं गुडघ्यांवर ठेवलंय.

रडत असेल.

…असं नको ना बोलूस. ती सांगेल ना मला! मला सगळं सांगते ती. काही झालं असतं तर पहिलं मलाच…

हो.

हो. मीच म्हणालो होतो, बोलायचं नाही कोणाला.

अगं, मी जातो. आत्ता जातो. नाही, तू फोन ठेवू नकोस. लटकत ठेवतो. तू ऐक. तू ऐकत असलीस म्हणजे मला मधेच शब्द फिरवता येणार नाही.

…

गाईडबाई! गाईडबाई, जरा इकडे येता का?… नाही, सगळे असू द्या. ताई, तुम्हीही बसा. तुम्हीही, बेकरीवाले. तुमच्याशी तर वेगळं बोलायचंय.

बाई, ती पाटी घ्या. माझ्यापुढच्या तिन्ही खुणा पुसा. मी खोटं बोललो. डोकं दुखतंय, दुपारपासून. चांगलंच. उलटी झाली, चारच्या आधी, मागे लाकडांपाशी. पाय… पाय कापतायत, ते कशाने ते सांगता येत नाही. टिटवीला माहीत होतं. तिला मी गप्प बसवलं. ती खोटं बोलली ते माझं खोटं होतं, तिचं नाही. तिच्या नावावर लावू नका.

…हो. हो, बसतो. नाही, आधी तिला आत बोलवा. मला वाटतं, तिलाही… मीच बोलावतो. दार धरा जरा.

टिटवे! ए टिटवे!… आत ये, बाळ.

…ये. बस इथे, शेगडीपाशी. ऐक. मी बाईंना सगळं सांगितलं. सगळं. आपलं गुपित संपलं, ते वाईट गुपित होतं. मी खोटं सांगायला लावलं तुला, ते… ते चुकलं माझं. तुझ्याकडे तसं बघायला नको होतं मी. एकदा नाही, कधीच नको होतं. आता तुला जे…

काय?

मोठ्याने बोल, बाळ. बाईंकडे बघून बोल. माझ्याकडे नको बघूस.

…

कधीपासून?

…अकरापासून? शिट्टीच्या वेळेपासून?… खडे वेचत नव्हतीस? मग वाकून काय… अगं पोरी. अगं माझ्या पोरी.

तू का नाही…

नाही, नाही विचारत. मला माहीत आहे का ते.

…

हॅलो? आहेस का? ऐकलंस?

हो. तिचंही. अकरापासून. खाली बसून डोकं धरत होती, मला वाटलं खडे वेचतेय. पुढे तिच्याआधी मी होतो ना, मागे वळून बेकरीवाल्यांवर ओरडत होतो. मधे ती होती. तिच्या डोक्यावरून ओरडत होतो मी, पाच तास.

मळमळतंय म्हणते. उलटी नाही. बाई बघतायत तिला. बोट डोळ्यांसमोर फिरवतायत. एका रेषेत चालायला लावलं… चालली सरळ. हो, सरळ चालली. नाव, वार, सगळं बरोबर सांगितलं. बाई म्हणतात, घाबरायचं नाही, वेळेत कळलं. पण उतरायचं. दोघांनीही, लगेच. बाईंचा भाऊ येतोय बरोबर. दोन तासांत खाली, अंधाराच्या आत. खाली डॉक्टर आहेत.

हो, पाणी देतायत तिला. घोट घोट. हो, तुझं सगळं सांगतो त्यांना… अगं, त्यांना येतं ते, तुझ्याइतकंच येतं.

माझा श्वास? आता तूच ऐकतेयस ना. चालेल. उतरताना बरं वाटेल म्हणतात. प्रत्येक पावलाला बरं वाटत जातं.

बेकरीवाले… अगं, त्यांनी माझी पिशवी उचलली. मी म्हटलं, ‘अहो, मी तुम्हाला काय काय बोललो,’ तर म्हणाले, ‘सर, मफलर गुंडाळा आधी, माफी खाली गेल्यावर पत्राने पाठवा, मला पत्रं येत नाहीत कोणाची.’ लिहीन. पत्ता घेतो.

धाकटी बहीण? ती टिटवीला मोजे घालतेय. कोरडे. स्वतःचे… नाही, हसत नाहीये. ती मघाशीही हसली ते मला हसली होती, एवढंच. त्याने कोणी मरत नाही. न सांगितल्याने मात्र…

हो. नको, नको ते बोलायला.

लेकीला, टिटवीच्या आईला, तू सांग. नाही, थांब, नको. मीच सांगतो खालून. जसं घडलं तसं. तू गोड करून सांगशील.

आणि फळ्यावरचं पुसू नकोस. राहू दे. सोमवारी मी स्वतः जाऊन खाली लिहीन, इथे पहिला कोणाला म्हणतात ते.

…तळं.

हो, म्हणालो तिला. म्हणालो, ‘तळं गेलं गं माझ्यामुळे.’ बाईंनी सांगितलं तिला, माझ्यामुळे असो वा नसो, असं दुखणारं डोकं घेऊन तिला पुढे नेलंच नसतं. तरी. ती बोलली नाही. तिने बोलायलाही नको लगेच. मी समजू शकतो.

हं? तिच्याशी? देतो… बघतो, येते का. ती आज माझं काही ऐकेल याची खात्री नाही.

टिटवे, आजी आहे फोनवर. बोलतेस?… ये. जपून. घे. इथे भिंतीजवळ उभं राहावं लागतं.

…

आजी?… हो, मी… हो, दुखतंय. मघापेक्षा कमी… नाही, रडत नाहीये, दार उघडं आहे, वारा येतोय… पाणी प्यायले. दोन पेले. हो, घोट घोट…

तळं?… माहीत नाही. आत्ता नको बोलूया त्यावर.

आहेत. इथेच आहेत. खाली बघतायत… हो, बूट घातलेत. बेकरीकाकांनी बांधून दिले.

आजी, ऐक ना. तू त्यांना काही बोलू नकोस हं. घरी आल्यावरही नको… नाही, त्यासाठी नाही. दया वगैरे नाही.

मी बोलणार आहे म्हणून. वाटेत. खालपर्यंत दोन तास आहेत.

हो. सगळं.

ठेवते.